शंभर टक्के समाधानी

चौक गावच्या गॅरेजवाल्या नदीमचं कुटुंब किती समाधानी आहे, हे मोजायला कर्जतच्या कार्यालयातून साईनाथ नावाचा सर्वेक्षक मोटारसायकलवर आला. विषय गंभीर होता. नदीमची सात वर्षांची फराह स्वमग्न आहे, बोलत नाही. सरकारी योजनेतर्फे भाग्यश्री मॅडम दर गुरुवारी तासभर तिला शिकवायच्या.

दर गुरुवारी म्हणजे कागदावर. सहा महिन्यांत चौदा गुरुवार कोरडे गेले होते. कधी मीटिंग, कधी प्रशिक्षण, कधी मीटिंग कशी घ्यावी याचं प्रशिक्षण.

नदीम तोंडाचा फटकळ. ट्रकवाल्याला "गाडी ठीक हाय, डायवर बदल" असं तोंडावर सांगणारा. बायकोला, तस्लीमला, तो रोज ऐकवायचा, "येऊ दे कोन इचारायला. सालटी काडतो."

विचारणारा आला, आणि नदीमने त्याला पंख्याखालची खुर्ची दिली.

इथेच घोळ झाला. माणूस उन्हातून आलेला. तस्लीमने सरबत दिलं, मग चहा, मग खारी. आपलीच खारी चहात बुडवणाऱ्यापुढे 'असमाधानी' हा शब्द काढायचा कसा?

"सेवा वेळेवर मिळते का, नदीमभाई?"

"मिलते की. म्हंजे, मिलाली की मिलते."

"अत्यंत समाधानी," साईनाथने खूण केली.

"काडा आता सालटी," तस्लीम ट्रे उचलता उचलता पुटपुटली.

"पावना हाय गं तो."

रकाना नववा होता, 'लाभार्थीचे मत'. लाभार्थी कोपऱ्यात गॅरेजातले नट खोलायचे पाने लहान-मोठे लावून बसली होती. मॅडमनी तिला चित्रांची कार्डं शिकवली होती. पाणी, भूक, नको. फराह उठली आणि साईनाथच्या हातात 'नको' ठेवलं. त्याने हसून परत दिलं. तिने पुन्हा ठेवलं.

"अरे वा. स्वतःहून देते?" साईनाथने लिहिलं, 'लाभार्थीने दोन वेळा स्वयंस्फूर्तीने संवाद साधला. प्रगती उत्कृष्ट.'

महिन्याने पत्र आलं. 'आपल्या कुटुंबाचे समाधान शंभर टक्के झाले असून त्यात वाढीस वाव उरलेला नाही. सबब सेवा थांबवून ती असमाधानी कुटुंबाकडे वर्ग करण्यात येत आहे.' असं कुटुंब कर्जतजवळच्या कोंडाणे गावात सापडलं होतं. तिथल्या सोनुबाईने नातवाच्या बुडालेल्या तासांचा हिशेब सर्वेक्षकाला उंबऱ्यावरच ऐकवला होता. चहा विचारला नव्हता.

नदीम कर्जतला धावला. टेबलामागे नम्रता मॅडम होत्या.

"तक्रार फक्त सेवा घेणाऱ्याला करता येते."

"सेवा बंद केली, हीच तर तक्रार हाय."

"तेच म्हणते मी. आता तुम्ही सेवा घेत नाही." त्यांनी फाइल चाळली. "पण सेवा ज्या पद्धतीने बंद झाली, तिच्याबद्दल समाधान नोंदवता येईल. आमचा माणूस घरी येईल."

परतताना नदीमने वाटभर स्वतःलाच शिव्या घातल्या. उलट उत्तर न देणारं कोणी समोर असलं की त्याचा फटकळपणा खुलतो.

साईनाथ आला तो नेमका गुरुवारी. फराह सकाळपासून दाराशी चटई टाकून, कार्डं ओळीने मांडून बसली होती. भाग्यश्री मॅडमचं येणं बंद झालंय हे सांगणारं कार्ड अजून निघालेलं नाही. नदीमने आठ दिवस पाठ केलेली वाक्यं गोळा केली, घसा साफ केला.

"नदीमभाई, मागची खारी काय मस्त होती हो," साईनाथ बसता बसता म्हणाला.

"तस्लीम," नदीमने आत हाक मारली, "चाय ठेव गं."

फराह उठली. या वेळी कार्ड तिने बापाच्या हातात ठेवलं. नको. नदीमने ते बघितलं आणि खिशात घातलं.

"आत जा, बाला. पावने हायत."

मग नदीमनेच फॉर्मवर खूण केली. अत्यंत समाधानी.

त्या घरात 'नको' म्हणता येणारं माणूस एकच, आणि शिकवणी लावली होती तिलाच. बाकीच्यांना काही झालेलं नाही. तुम्हालाही नाही. परवा कच्चा भात गिळून बिल देताना हॉटेलवाल्याने विचारलं, जेवण कसं होतं. काय म्हणालात?