टायमिंग बेल्ट आणि घरातला सलोखा

जगात जी म्हणून गोष्ट सुरळीत चालते, ती कुणातरी दोघांचं पटत नाही म्हणून चालते. हे सत्य मी दोन भावांच्या गॅरेजात, डुगडुगत्या स्टुलावर बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मोटारीच्या इंजिनात एक दातेरी रबरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. खालून पिस्टन येतो, वरून वॉल्व्ह उतरतो, आणि दोघांना एकाच जागेत आळीपाळीने वावरायचं असतं. कुणी केव्हा यायचं, हे हा पट्टा ठरवतो. तो सैल राहिला की दात चुकतो, दोघे एकदमच आत घुसतात आणि इंजिन भंगारात जातं. फार आवळला तर कण्हत राहतो आणि शेजारची बेअरिंगं खातो. म्हणून नवा पट्टा घालताना ताण नेमका लागतो. तो मोजायचा मीटरही या गॅरेजात होता. काचेच्या कपाटात, मखमली डबीत ठेवलेला. वापरल्याने खराब होईल म्हणून कुणी वापरत नसे. शास्त्राविषयी इतका आदर मी प्रयोगशाळेतही पाहिलेला नाही.

प्रत्यक्ष मोजमाप अंगठ्याने होई. पट्ट्याचा लांबलचक भाग चिमटीत धरून पिळायचा. पाव फेरा वळला की ताण बरोबर. अडचण एवढीच, की अंगठे दोन होते. (हिशेबाने चार, पण डाव्या अंगठ्यांना मत नव्हतं.)

थोरल्याचं तत्त्व असं, की आवळलं की सुधारतं. मग तो पट्टा असो, बरणीचं झाकण असो, नाहीतर धाकटा भाऊ. धाकट्याचं म्हणणं, प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा हवी. त्याच्या चपलासुद्धा त्याच्यामागून दोन पावलांनी येत. तेव्हा कामाची रीतसर पद्धत अशी पडली: थोरल्याने वरच्या-खालच्या चाकांवरच्या खुणा जुळवाव्यात, पट्टा चढवावा, त्याला ताण देणारी कप्पी, म्हणजे टेन्शनर, दात-ओठ खाऊन आवळावा आणि हात धुवायला जावं. तो वळला रे वळला, की धाकट्याने "गळा दाबलाय बिचाऱ्याचा" असं पुटपुटत टेन्शनर सैल करावा. थोरला जितका जास्त आवळे, नेमका तितकाच धाकटा सोडी. मग कडाक्याचं भांडण. ते गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं, की गिऱ्हाईक गाडी न्यायला निघे. या गॅरेजातल्या गाड्या गंजून मेल्या, झाडावर आदळून मेल्या. पट्ट्याने एकही गेली नाही.

अशा भरभराटीच्या काळात थोरल्याच्या बायकोला शांततेची ओढ लागली. बाई समजूतदार. (मोठमोठी नुकसानं समजूतदार माणसंच करतात.) तिने दोघांना समोरासमोर बसवलं, चहा दिला, आईची शपथ घातली. दोघांचे डोळे भरून आले. माझेही आले, कारण चहा मलाही होता.

समेटानंतरचं पहिलं काम घरचंच निघालं. धाकट्या बहिणीची गाडी. तिला दुसऱ्या दिवशी परगावी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. वेळेत पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. रस्ता घाटाचा, पट्टा झिजलेला.

थोरल्याने पट्टा चढवला. टेन्शनर आवळताना त्याला भाऊ आठवला. आयुष्यात एकदा तरी त्याच्या मनासारखं करावं, म्हणून त्याने अगदी हलक्या हाताने बोल्ट फिरवला. हात धुवायला गेला. धाकटा पुढे आला, पट्टा पिळून पाहिला. तो पाव फेरा काय, ओल्या टॉवेलसारखा पुरता वळला. पण दादाच्या कामाला आता हात लावायचा नाही, असं ठरलेलं. तो पट्ट्याकडे प्रेमाने बघत उभा राहिला.

बहिणीने विचारलं, हाताने इंजिन दोन फेरे फिरवून खुणा तपासल्यात का? दोघेही दुखावले. तपासणं म्हणजे अविश्वास. तेव्हा तिनेच पाना लावून इंजिन फिरवलं. वरची खूण एक दात मागे राहिली.

"दादा, सैल आहे."

"धाकट्याला विचार. तो म्हणेल तसं."

"दादाने केलंय ना," धाकटा म्हणाला, "मग बरोबरच असणार."

बहिणीने पाना खाली ठेवला. "मला उद्या नोकरीवर जायचंय. आधी भांडा."

दोघे हसले. मग ती शांतपणे थोरल्याला म्हणाली, "हा सांगत होता, तुझा अंगठा आता कागदावर उठवायच्याच लायकीचा राहिलाय." आणि धाकट्याकडे वळून, "दादा म्हणतो, तुला स्वतःच्या लेंग्याची नाडीही बांधता येत नाही."

थोरल्याने खुणा पुन्हा जुळवल्या आणि टेन्शनर असा आवळला, की गाडी जॅकवर थरथरली. धाकट्याने तो बाजूला होण्याचीही वाट न पाहता टेन्शनर सैल केला. पुढचे शब्द छापण्यासारखे नाहीत. बहिणीने पुन्हा दोन फेरे फिरवले. खुणा केसाचंही अंतर न ठेवता जुळल्या. ती वेळेवर रुजू झाली. तेव्हापासून गॅरेज फार वेळ गप्प राहिलं, की वहिनी स्वतः दारात येऊन याची चुगली त्याला सांगून जाते.

तुम्ही मात्र म्हणे परवा पट्टा बदलायला दुसरीकडे गाडी दिलीत. तिथली माणसं एकमेकांशी किती गोड बोलतात, याचं तुम्ही सगळ्यांना कौतुक सांगत होता. मला घरापर्यंत सोडतो म्हणालात. पण नको, मी चालतच जातो.