पन्हळीची चाचणी

"सूनबाई, कृष्णाला घरातलं काम सांगू नगं. काम त्यो एकटाच करतो, पन त्याच्यामागं धा मानसं कामाला लागतेत," असं आशाबाईंनी फुलंब्रीहून फोनवर सुनेला लग्न झाल्या झाल्याच बजावलं होतं. अपेक्षा तेव्हा गालातल्या गालात हसली. लेकाला कामाला लावू नये म्हणून सासूबाईंची ही युक्ती, असाच तिने अर्थ काढला.

शहरात गारखेड्याला त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर जुने पत्रे. गच्ची नाही, म्हणून जिनाही नाही. पावसाचं सगळं पाणी थेट दारातल्या फरशीवर पडायचं. एरवी चाललं असतं, पण प्रेरणा नुकतीच चालायला लागली होती आणि ओली फरशी दिसली की तिचे पाय नेमके तिकडेच वळत. पोरीचं कपाळ फुटलेलं अपेक्षाला जागेपणीच दिसायला लागलं. तिने नवऱ्यामागे धोशा लावला, "पावसाच्या आत पत्र्याला पन्हळ लावून घ्या. माणूस बोलवा."

"माणूस कशाला? व्हिडिओ बघितलाय मी. पाइप उभा चिरायचा, पत्र्याच्या कडेला टांगायचा. झालं!"

रविवारी त्याने शेजारच्या कडूबामामांची शिडी मागून आणली. मामा म्हणाले, "ने की. पन मला लागली तर मी इचारत बसनार नाय, उचलून घेऊन जाईन."

नवल म्हणजे पन्हळ सरळ लागली. खाली उभ्या अपेक्षाचा जीव मात्र टांगणीलाच होता. "अहो, पत्र्याच्या मधे पाय देऊ नका! खाली आलात तर थेट कुकरवर याल!"

"अगं, खिळ्यांच्या ओळीवरच उभा आहे. आता ढाळ बरोबर आहे का ते बघू. हौदातल्या मोटारीचा पाइप वर दे आणि जरा बटण दाब."

"हौदातलं पाणी? पुढचं कधी येईल त्याचा पत्ता नाही, आणि तुम्ही ते पत्र्यावर ओतणार?"

"पोरीसाठीच ना?"

तिने पाइप वर दिला. तिने बटण दाबलं. मोटार गुरगुरली, पाणी पत्र्यावर गेलं, पन्हळीतून धावलं आणि टोकाकडून जाड धार होऊन गल्लीत पडलं. "बघ!" कृष्णा वरून ओरडला. तेवढ्यात आत प्रेरणा उठून रडायला लागली. अपेक्षाने मोटार बंद केली आणि आत पळाली.

चूक झाली ती इथेच. पन्हळीत काही खोट नव्हती, खोट होती मोटारीच्या आवाजात. या शहरात नळाची वाट बघत बसलेल्या गल्लीत एका घरची मोटार वाजली की दुसरं घर कारण विचारत नाही, आपलं बटण दाबतं. त्यात गल्लीत पाण्याचा ओहोळ! समोरच्या दगडाबाई कणकेच्या हातानेच बाहेर आल्या.

"आगं बाई, पानी आलं! लोकांचं वाहून चाललं, अन् आपून झोपलोय!"

बघता बघता गल्लीभर मोटारी सुरू झाल्या. पत्र्यावरून कृष्णा हात हलवून ओरडत होता, "अहो, ते आमच्या हौदातलं आहे!" त्या आवाजात कोण ऐकतंय? कडूबामामांना वाटलं, पोरगा आनंदाने नाचतोय. त्यांनी त्यालाही हात हलवला, शिडी उचलली आणि आपल्या वरच्या टाकीचं झाकण उघडायला घेऊन गेले.

नळांना मात्र नुसती हवा. दगडाबाईंनी पाणी सोडणाऱ्या सांडूला फोन लावला. "का रं सांडू, त्यांच्या दारात पूर अन् आमच्या नळाला फुसफुस? लई भारी न्याय हाय तुझा!"

"मावशी, आज तुमची पाळीच नाय. मी व्हॉल्वला हात बी लावला नाय!"

"मंग गल्लीत काय दूध वाहतंय व्हय?"

मागोमाग त्याला सगळ्या गल्लीचे फोन. सांडू दाढी करायला बसला होता. एका गालाला फेस आणि गळ्यात न्हाव्याचं कापड, तसाच तो सायकलवरून आला. रस्ता ओला बघून स्वतःवरचाच त्याचा विश्वास उडाला. "भांडू नगा, बाबांनो! घ्या सगळ्यांनाच," म्हणून त्याने चावी फिरवली.

इकडे प्रेरणाला कडेवर घेऊन अपेक्षा बाहेर आली. शिडी नाही. पत्र्यावर नवरा एक पाय उचलून दुसरा टेकतोय. मघाचं पाणी सुकून पत्रा कधीच तापला होता आणि घसरायला नको म्हणून त्याने चपला खालीच काढल्या होत्या.

"अहो, हलू नका! उडी मारू नका! मी आत्ता शिडी आणते!" तिने खुंटीवरचं गोणपाट वर भिरकावलं. ते अंथरून तो बसला. ती मामांच्या दाराकडे धावली.

"शिडी? दगडाबाईंकडं दिली," मामा वर टाकीपाशी बसूनच म्हणाले. "त्यांच्याकडून पुढं गेली असंल. मला बी खाली उतरायला पायजेच हाय, पन टाकी भरल्यावर."

अपेक्षा पुढच्या दाराकडे वळणार, एवढ्यात तिच्याच अंगणातला नळ खाकरला. एकदा, दोनदा, आणि मग खळाळून पाणी आलं. खरंखुरं. ती फाटकातच थबकली. एकीकडे हौदाचा नळ, दुसरीकडे गोणपाटावरचा नवरा.

"अगं, बघत काय राहिलीस?" वरून कृष्णा ओरडला. "हौद भरून घे आधी!"

तिने प्रेरणाला कोरड्या ओट्यावर बसवलं, पदर खोचला आणि कळशी नळाखाली लावली. हौद भरायचाय, पिंप भरायचंय, दोन बादल्या आहेत, आणि नळ कधी जाईल सांगता येत नाही. शिडी आता कुणाच्या घरी आहे, तेही कुणाला सांगता येत नाही.

म्हणून तुम्ही गारखेड्याकडून जाणार असाल, तर या गल्लीत शिरून जरा मान वर करून बघाल का? नव्या पन्हळीच्या घरावर गोणपाट अंथरून एक माणूस बसलाय. त्याला ऊन तर लागलं नाही ना, एवढं विचारा, आणि तो काय म्हणाला ते अपेक्षाला नळापाशी येऊन सांगा. ती विचारायला आली असती, पण पाणी चालू आहे.