कापलेला माल परत नाही

मधुभाऊ नव्या बोर्डगेमचा डबा उघडतात तेव्हा नियमांच्या पुस्तकाला हातही लावत नाहीत. आधी पट बाहेर काढतात, त्याचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळतात, मग पत्ते चोळतात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "पोत चांगला आहे बापा." त्यांचा रिव्ह्यू इथून सुरू होतो.

गांधीबागेत त्यांनी आयुष्यभर ठोक कापड विकलं. गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि धरमपेठेत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये, सुलूवहिनींसोबत दिवसभर घरी राहायला लागले. मुलगा बंगळुरूला. तो सुटीत येताना हे आधुनिक खेळ घेऊन यायचा. सुटी संपली की मुलगा जायचा, डबे राहायचे. मधुभाऊंनी ते एकेक करून उघडले आणि इंटरनेटवर चॅनल काढून त्यांच्याबद्दल बोलायला लागले. आता कुठले कुठले शौकीन लोक डबा विकत घेण्याआधी मधुभाऊ काय म्हणतात ते बघतात. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीत बसलेलो होतो म्हणून बरं.

त्यांची भाषा मात्र दुकानातच राहिली. नुसता देखणा खेळ म्हणजे 'शोकेसचा माल'. नियम किचकट असले की 'शिलाई गुंतली'. आणि तीन धुण्यांशिवाय, म्हणजे तीनदा खेळल्याशिवाय, कुठल्याही खेळावर मत नाही. "पयल्या धुण्यात सगळेच रंग चमकतात गा," ते मला सांगतात, "कोणाचा उतरते ते तिसऱ्यात समजते." या धुण्यांना लागणारी माणसं म्हणजे ते, वहिनी, मी आणि माझी बायको. रविवारी चार वाजले की वरून फरशीवर काठी आपटते आणि आम्ही मुकाट जिना चढतो, कारण वहिनींच्या हातची कोथिंबीर भरलेली सांबारवडी. खरं सांगायचं तर निम्मे खेळ मला अजून कळलेले नाहीत.

दुकानात त्यांच्या गादीमागे एक पाटी होती: 'कापलेला माल परत घेतला जाणार नाही.' ती त्यांनी घरी आणून खेळांच्या कपाटावर ठेवली. एकदा दिलेला रिव्ह्यू मागे घ्यायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. एक खेळ बनवणारा व्हिडिओ कॉलवर फार गयावया करत होता, तेव्हा मधुभाऊंनी कॅमेरा पाटीकडे वळवला.

मागच्या हिवाळ्यात पतंगांचा एक खेळ आला. पुण्याच्या मृण्मयी नावाच्या मुलीने बनवलेला, तिचा पहिलाच. प्रत्येकाचा एक पतंग, पत्ते टाकून दुसऱ्याचा काटायचा. डब्यावर वेळ लिहिली होती पाऊण तास. आमचं प्रत्येक धुणं तीन तास चाललं. मधुभाऊंनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं, "पोत एक नंबर, पण माप खोटं. डब्यावर काहीबी लिहून राहिले हे लोक."

महिनाभराने एका रविवारी मी वर गेलो असताना मृण्मयीच दारात उभी राहिली. नागपुरात कुणाच्या तरी लग्नाला आली होती. "काका, दुकानदार माझे डबे परत पाठवताहेत," ती म्हणाली. "एकदा माझ्यासमोर खेळा. मग काय म्हणायचं ते म्हणा." आवाज धीट होता, डोळे मात्र भरलेले.

मधुभाऊंनी पाटीकडे बघितलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बसू द्या न तिले. बस वं बाई." माझी बायको माहेरी गेली होती, तिच्या खुर्चीवर मृण्मयी बसली.

थोड्याच वेळात वहिनींचा पतंग कटला. मधुभाऊंनी तो नेहमीसारखा उचलून पुन्हा पटावर ठेवला. "हं, बांध वं गाठ. चाल पुढं."

"काका, हे काय?" मृण्मयी म्हणाली. "पतंग कटला की खेळाडू बाद. नियमच आहे तो."

"आमच्या घरी कोणी बाद होत नाही."

"म्हणून तर तीन तास लागतात!"

मी पटाकडे बघतच राहिलो. त्या टेबलावर आजवर कुठल्याही खेळात कोणीही बाद झालं नव्हतं आणि जगात सगळीकडे असंच खेळतात अशी माझी समजूत होती. मधुभाऊंच्या चेहऱ्यावरून कळलं, तो नियम आपण घातलाय हे आता तेही विसरून गेले होते.

"खेळा मग पोरीच्या नियमानं," ते हळूच म्हणाले.

वहिनींचा पतंग डब्यात गेला. त्या लगेच उठल्या, पदर खोचला आणि "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

"पाह्यलं?" मधुभाऊ मला म्हणाले. "बाद झाली का उठते. दुकान होतं तवा मी तिकडं अन् ही चुलीपाशी. आता कुठं समोर बसून राहिली. खेळ चालू असला तरच बसते गा, एरवी नाही बसत."

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्यांच्या हातात जिंकायचे पत्ते होते. मला दिसत होते, कारण डोकावायची मला सवय आहे. त्यांनी त्यातला सगळ्यात टाकाऊ पत्ता टाकला. मृण्मयीने त्यांचा पतंग काटला. मधुभाऊ गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आत गेले.

"काहून उठले तुम्ही? खेळा न," वहिनींचा आवाज आला.

"बाद झालो."

"तुम्ही? इतक्यात?"

"हो. अद्रक कुठं ठेवली वं? मी किसतो."

मृण्मयीने मला पाऊण तासाच्या आत हरवलं. चहा त्यानंतरही बऱ्याच वेळाने आला आणि त्यात अद्रक भरमसाट होती.

ती गेल्यावर मधुभाऊंनी कपाटावरची पाटी काढली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि कॅमेऱ्यासमोर बसले. "गलती माझी होती. पोरीचं माप बरोबर आहे. खेळ पाऊण तासाचा, पोत एक नंबर, बिनधास्त घ्या." जरा थांबून म्हणाले, "आमच्या घरी तेवढा तीन तास चालन."

मोबाइल बंद करून त्यांनी डब्यातून एक पतंग काढला, पटावर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली, "ये वं. तुझा बांधून ठेवला."