परबकाकांची उदबत्ती

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती लावतात. देवापुढे नव्हे, खोलीच्या मधोमध. देवाशी त्यांचं फारसं काही नाही. त्यांना धूर कुठे जातो ते बघायचं असतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी उदबत्त्या. मागे आमच्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा तिथेही त्यांनी लावली. घरच्यांना गहिवरून आलं. काका धुराकडे बघत म्हणाले, "खिडकी चुकलीय हो." बँकेत लावली तेव्हा रखवालदार बादली घेऊन धावला होता.

हे नायगावला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. आर्किटेक्ट होते, आता निवृत्त. निवृत्त म्हणजे आपलं म्हणायला. एका जागी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात, आणि त्यांच्या मागे बशी घेऊन काकू. काकू मात्र शांत. इतकी वर्षं शेजारी, पण त्यांचा आवाज मला धड माहीत नव्हता.

गोखिवऱ्याला माझ्या वडिलांचा जुना गाळा होता. तो पाडून दुकानं-ऑफिसांची इमारत बांधायची ठरली, आणि शेजारधर्माच्या भरात मी नकाशाचं काम काकांना दिलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

"एसी कुठे बसवायचे, काका?"

"कित्याक? वारो मेलो काय?" चिडले की काका मालवणीवर उतरतात.

गाळ्याची जुनी कौलं त्यांनी फेकू दिली नाहीत. उन्हाच्या बाजूची भिंत दुहेरी केली, पावसाचं पाणी विहिरीत सोडलं आणि मधोमध मोकळा चौक ठेवला. तिथे दोन दुकानं सहज बसली असती. मी तसं म्हटलं की ते विचारायचे, "आणि श्वास कुठे बसवू?"

वरचा हॉल तर त्यांनी परस्पर देऊनच टाकला. त्या गल्लीत एक दशावतारी मंडळ आहे आणि एक लग्नाचा बँड. तालमीला दोघांनाही कुणी दारात उभं करत नाही. "दुकानांच्या भाड्यावर हॉल पोसायचा," काकांनी फर्मान काढलं. हॉलच्या भिंतींत त्यांनी वाकड्यातिकड्या पोकळ्या ठेवल्या, आतून काथ्या लावला, आणि त्यांची तोंडं खाली गल्लीत काढली. वारा वर जावा, पण आवाज बाहेर येऊ नये म्हणून. "वारा वळणं घेतो. आवाज वळणावर दमतो," हे त्यांचं शास्त्र. गवंडी माझ्याकडे दयेने बघायचे.

मग एक कोचिंग क्लासवाले सर हॉल बघायला आले. भाडं घसघशीत देणार होते. अट एकच, ही भोकं बुजवा, काचा लावा आणि एसी बसवा. मी हो म्हणून टाकलं. मी काही धर्मशाळा काढली नव्हती. काकांना ते सांगितलं आणि मालवणीची वाट बघत उभा राहिलो.

काका सिमेंटच्या गोणीवर बसले. बसलेच! मी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

"तुझी काकू गायची," ते म्हणाले. "नायगावला आलो तेव्हा सकाळी तंबोरा घेऊन बसायची. शेजाऱ्यांची तक्रार आली, मी खिडकी लावली. मग दारही लावलं. घामाने भिजायची, पण गायची. एक दिवस म्हणाली, पुरे आता. मी काय म्हणालो असेन? बरं झालं, म्हणालो." उदबत्ती न पेटवताच ते बोटांत फिरवत राहिले. "जन्मभर लोकांच्या घरांना खिडक्या काढून दिल्या रे. घरातली तेवढी मीच लावली."

मला त्यांचा भयंकर राग आला. हे ऐकल्यावर माणसाने भाड्याचा विचार करायचा तरी कसा? क्लासवाल्या सरांना मी नाही म्हणून कळवलं आणि घरी दोन दिवस बायकोची बोलणी खाल्ली.

हॉल सुरू झाला. मंडळ आलं, बँडही आला. एका संध्याकाळी काका काकूंना रिक्षातून घेऊन आले. काकूंच्या मांडीवर तंबोरा होता, नव्या तारा लावलेला. त्या एकट्याच वर गेल्या. काका गल्लीतच येरझाऱ्या घालत राहिले.

"वर जा की काका, ऐका जरा."

"थांब. कुणाची तक्रार येते का बघतो."

त्यांनी उदबत्ती पेटवली आणि भिंतीतल्या एका तोंडाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला.

"तुला काही ऐकू येतंय?"

मी भिंतीला कान लावला. "काहीच नाही."

"नाही ना?" काकांचा चेहरा उजळला, डोळे मात्र भरून आले. "म्हणजे मोकळ्या गळ्याने गात असणार."

मी त्यांचा हात धरून वर नेऊ लागलो, पण ते हलेनात. उदबत्ती संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, एका जागी, काहीच ऐकू न येणाऱ्या त्या भिंतीकडे बघत.