पाईकराव सिस्टरचा सर्व्हे

पाईकराव सिस्टर माणूस खोकल्यावरून ओळखते. परवा कळमनुरीच्या बाजारात मी मिरच्या निवडत होतो, तर ही एकदम ताठ. "थांबा भाऊ. हा खोकला आपल्या हद्दीतला न्हाई!" म्हणाली आणि एका अनोळखी बांगडीवाल्याला गाठलं. "कोन्या गावचे? कधीपासून हाय?" बिचारा बांगड्या टाकून पळायच्या बेतात होता.

मी तिच्याच उपकेंद्रावर आरोग्यसेवक आहे. गावात कुणाला ताप आला, जुलाब लागले, की आम्ही ते मोबाईलमध्ये भरायचं. एकाच गावातून तीच तक्रार पुन्हा पुन्हा गेली की तालुक्याला लगेच कळतं आणि साथ पसरायच्या आत पथक येतं. आम्ही बाकीचे संध्याकाळी निवांत भरतो. ही जागेवर भरते. लग्नात, मयतीत, एसटीत. रेंज नसली तर पाण्याच्या टाकीवर चढते, या वयात! मी ओरडलो तर म्हणते, "आजार काय तुमच्या रेंजची वाट पाहून राहिला का?" तिला येताना पाहून लोक शिंक गिळतात, खरं सांगतो.

हा सोस तिला फार महागात पडला. नवरा गेलेला, लेकरू नाही. धाकटा भाऊ मिलिंद, एवढंच तिचं माणूस. माहेरही आमच्याच हद्दीत. मिलिंदच्या पोरीची हळद होती. हळद लावता लावता कानावर आलं, शेजारच्या लेकरांना जुलाब लागलेत. विहीर तीच, आणि लग्नाच्या स्वयंपाकाला पाणीही तेच. पिवळ्या हातांनीच हिनं मोबाईल काढला. मिलिंदनं हात जोडले, "आक्का, सकाळी वऱ्हाड येऊन राहिलं. लग्न होऊ दे, मंग भर ना." तिनं भरलं. पथकाची जीप आली, विहीर बंद झाली, केलेला स्वयंपाक फेकावा लागला. वऱ्हाडाची चहा-बिस्किटावर बोळवण झाली. लग्नात आजारी कुणी पडलं नाही, पण सोयऱ्यांत मिलिंदची मान खाली गेली. "बहीण म्हणून माझ्या दारात येऊ नको," म्हणाला.

म्हणून आता ती सर्व्हेवाली म्हणून जाते. मी सोबत असतो. ओट्याखाली उभी राहते, आवाज एकदम सरकारी.

"घरात कोनाला ताप?"

"न्हाई."

"जुलाब?"

"न्हाई!" मिलिंद जरा जोरातच म्हणतो.

झालं, बहीण-भावाचं बोलणं संपलं. मग ती मोबाईलमध्ये कुठंच नसलेले प्रश्न घुसडायला लागली. "रात्री झोप लागती का?" "पोरगी सासरी खुश हाय का?" वर मान न करता, बोट उगाच काचेवर फिरवत. मिलिंदही निमूट उत्तरं द्यायचा. मला हसू यायचं, मी मान फिरवायचो.

या खेपेलाही तसंच झालं. प्रश्न संपले, ती वळली. मागून मिलिंद म्हणाला, "अन् तुला?"

"मला काय?"

"ताप-बीप हाय का? काहून एवढी वाळली?"

दारोदार सगळ्यांची चौकशी करणारी ही बाई. तिची चौकशी कुणी केलेली मी कधी ऐकली नव्हती. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथंच ओट्यावर बसून पदरात हमसून हमसून रडायला लागली. मिलिंद घाबरून आत पळाला, तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

"पी आक्का," तो म्हणाला, "उकळून गार केलेलं हाय."