बेळ्ळीसाठी दवंडी

मांजर शोधायला पाय लागत नाहीत, डोकं लागतं! असं मी त्या दिवशी सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. डोकं म्हणजे अर्थातच माझं. लोहाऱ्याच्या पेठेत गुळाचं दुकान आहे म्हणून मला साधा दुकानदार समजू नका. गावात काही अडलं की लोक म्हणायचे, ‘महांतप्पाला विचारा.’ त्या दिवसापर्यंत तरी म्हणायचे!

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली, निजामाच्या अमलातली. आमची बेळ्ळी दोन दिवसांपासून बेपत्ता होती. बेळ्ळी म्हणजे कानडीत चांदी. अंगानं पांढरीशुभ्र, शेपूट तेवढी काळी. सासूबाईंनी, म्हणजे गंगम्मांनी, लेकीबरोबर आमच्याकडं पाठवलेली. आणि त्या गंगम्मा नेमक्या त्याच संध्याकाळी लेकीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला येणार होत्या!

“आई काय म्हणल ठावं हाय का?” इरम्मा डोळ्याला पदर लावून म्हणाली. “ज्याला मांजर राखता येईना, त्याच्या हवाली लेक आन नातू कसं करू, म्हणल! तीन महिन्याला धाडायची ती वरीसभर ठिवून घेईल!”

वर्षभर! लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. इरम्मा शेजारी हळदीकुंकवाला गेली तरी मला घर खायला उठायचं. हे तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

“दिवस मावळायच्या आत बेळ्ळी घरात!” मी टोपी घालत म्हणालो.

“ते कसं?”

“तू फक्त बघ!” बेत फोडला तर ऐट काय राहिली?

बेत साधा होता. दवंडी! बलभीम हलगीवाल्याला गाठून मी नीट पढवलं. पांढरं मांजर, काळी शेपूट. आणून देणाऱ्याला गुळाची आख्खी ढेप बक्षीस. बलभीमनं तीन वेळा मान हलवली. मी निर्धास्त होऊन दुकानात बसलो.

एक गोष्ट मात्र माझ्या थोर डोक्यात आली नाही. लढाईपायी सरकारनं धान्याची लेव्ही लावली होती. दर घरानं ठरलेली जवारी सरकारात आणून घालायची. दोन वर्षं बलभीम गावभर दुसरं काही ओरडलाच नव्हता! त्याच्या तोंडाला वळणच पडलं होतं. चौकात हलगी कडाडली आणि तो गर्जला:

“ऐका हो ऐका! सरकारी हुकूम हाय! ज्याच्या घरी पांढरं मांजर, काळी शेपूट असंल, त्यानं दिवस मावळायच्या आत महांतप्पाच्या दुकानी जमा करावं! कसूर करील त्याची खैर न्हाय होऽऽ!”

ढेपेचं नावच नाही!

मी दुकानातून उडी मारून धावलो, तोवर तो तीन गल्ल्या फिरून चौथीत शिरला होता. परत येऊन बघतो तर दुकानापुढं रांग! सगळ्यांत पुढं उत्तरेश्वर, बगलेत पोतं. पोत्यातून गुरगुर ऐकू येत होती.

“घ्या आप्पा. आन पावती द्या.”

“कसली पावती?”

“मांजराची! मागल्या लेव्हीला पावती घेतली न्हाय, तर जवारी दोन डाव नेली. आता मी शाना झालोय.”

पोतं उघडलं. आत मांजर होतं की चिंध्यांचं बोचकं होतं, देव जाणे! एक डोळा, अर्धा कान. त्यानं आल्या आल्या माझं मनगट ओरबाडलं.

“अरे, हे काळं आहे! मला पांढरं पाहिजे!”

“जमिनीत पिकलं तेच देणार की आप्पा. घरात असंल तेच मांजर देणार!”

पुढची कडूबाई. तिचं मांजर दोन घरांत मिळून होतं. “निम्मं जावंचं हाय. माझ्या वाटणीचं तेवढं लिवून घ्या!” हणमंतप्पानं आणलेलं खरंच पांढरं होतं आणि शेपूट काळी कुळकुळीत! माझा जीव भांड्यात पडला. मी हर्षानं शेपटीवरून हात फिरवला. हात काळा झाला, शेपूट पांढरी झाली. गाडीच्या चाकाचं वंगण!

“लोकहो, ही लेव्ही नाही!” मी फळीवर चढून ओरडलो. “माझं घरचं मांजर हरवलंय!”

“लेव्ही वसुलीचे गिरदावरसाहेब बी असंच म्हणत्यात,” उत्तरेश्वर शांतपणे म्हणाला, “‘लेव्ही न्हाय, लढाईला मदत हाय!’ पावती द्या.”

चौदा मांजरं जमली, चौदा! एकजात खरजुली, चोरटी, चावरी. जवारीचीच रीत होती ना! चांगली असेल ती जमिनीखालच्या पेवात लपवायची आणि किडकी सरकारला घालायची. म्हणजे बेळ्ळी कुणाकडं असलीच तर ती आता पेवात गेली असणार! माझ्याच हुशारीनं! मी कपाळाला हात लावला.

एवढ्यात घोडं थांबलं. साक्षात गिरदावरसाहेब! आता हातकड्याच, असं वाटून मी घाईघाईनं एक ढेप त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “सेठ, बिल्लियों का हुकूम कब निकला? हमकू कागज नै आया!”

“नाही साहेब, हुकूम वगैरे...”

“हौ, हौ, समझ गया. ऊपर का काम है!” त्यांनी डोळे मिचकावले. “किसीकू बोलना नै!” ढेप घोड्यावर लादून ते गेले आणि घटकाभरात त्यांच्या शिपायानं साहेबांचं मांजर आणून जमा केलं. पंधरा!

दिवस कलला. पंधरा मांजरं गुळाच्या ढेपांवर मारामाऱ्या करत होती, आणि दारात गंगम्मांची बैलगाडी येऊन थांबली.

“शिव शिव! जावईबापू, वेशीत लोक सांगत हुते ते खरं का? तुमी सरकारासाठी मांजरं धरताय?”

“नाही हो सासूबाई! बेळ्ळी... बेळ्ळी हरवली म्हणून...” मी सगळं सांगून टाकलं. इतका रडवेला झालो होतो की लाज वाटली नाही.

दुकानामागच्या घरातून इरम्मा हे ऐकत होती. ती दारात आली, खाली मान घालून. “अवो... बेळ्ळी घरातच हाय.”

“काय?”

तिनं माजघरातल्या रिकाम्या कणगीचं झाकण काढलं. तळाशी मऊ धडप्यावर बेळ्ळी पसरलेली, मिशीला साय!

“दुपारी मागल्या भिंतीवरनं आली. तेवढ्यात हलगी वाजली. गाव म्हणू लागलं, महांतप्पानं सरकारचं काम घेतलंय. म्या लपवली.”

“माझ्यापासून? स्वतःच्या नवऱ्यापासून?”

“मग! तुमाला कुणापुढं न्हाय म्हणता येतंय का? साहेबानं डोळे वटारले असते तर तुमी बेळ्ळी बी दिली असती, वर ढेप दिली असती!”

ढेप तर दिलीच होती.

गंगम्मांनी बेळ्ळीला उचलून पोटाशी धरलं. “माझ्या लेकीनं मांजर राखलं. कुणापासनं राखलं, त्ये बी दिसलं! जावईबापू, बाळंतपण हुईल, वर एक वरीस ऱ्हाईल. बेळ्ळी बी संगं येईल.”

सकाळी गाडी निघाली. इरम्मा मागं वळून बघत होती. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं की तुझ्याशिवाय मला करमणार नाही, लवकर ये. पण पंधरा मांजरं एका सुरात ओरडत होती आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. ती मांजरं कुणी परत नेईना. “एकदा जमा केलेलं घरी न्यावं, म्हंजी सरकार पुना मागायला मोकळं!” असं प्रत्येक जण सांगून गेला.

मुलगा झाल्याचा निरोप आला तसा मी दुकान उघडं टाकून सासुरवाडीला धावलो. अंगणात गंगम्मा उभ्या होत्या. मला बघताच त्या आत तोंड करून ओरडल्या:

“इरम्मा! पोराला आत घे! लेव्हीवाले आले!”

मी दोन्ही हात वर करून दाखवले. कागद नाही, हलगी नाही, शिपाई नाही. मग पोर दाखवलं.

तेही लांबूनच!