ओल आणि दोन सासूबाई

कुरुंदगावात भिंतीला ओल आली की गवंडी बोलावत नाहीत. भिंतीचा फोटो काढून महामुनींच्या झेरॉक्सच्या दुकानात नेतात. गजेंद्र महामुनी संगणकावर फोटोतली ओल पुसतात आणि प्रिंट निघेपर्यंत घरातली भिंत कोरडी झालेली असते. गळका नळ, वाकडा दरवाजा, पोचे आलेलं पिंप, सगळं असंच दुरुस्त होतं. शाळेतले दिवे मंद होते तेव्हा मुख्याध्यापकांनी वर्गाच्या फोटोचा उजेड वाढवून आणला. तो जरा जास्तच वाढला. मुलं अजून डोळे बारीक करून वाचतात, पण तक्रार कुणाची नाही.

शैलजा फडतरेही एक दिवस असाच फोटो घेऊन गेली. माजघराच्या भिंतीला ओल होती आणि भिंतीपुढच्या कॉटवर तिच्या सासूबाई, सिंधुताई, मसूर निवडत बसल्या होत्या. फोटोपुरतं बाजूला होता का, असं शैलजाने विचारलं. भिंतीला माझी काय अडचण, असं म्हणून त्या तिथेच बसल्या. शैलजाने वाद घातला नाही. लग्न झाल्यापासून तिने तो कधी घातला नव्हता.

दुकानात महामुनी फोनवर मेहुण्याशी भांडत होते. भांडता भांडता त्यांनी फोटोतला शेजारचा कोरडा भाग उचलला आणि ओलीवर चिकटवला. त्या भागाबरोबर आणखी काय उचललं गेलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

शैलजा घरी आली तर भिंत कोरडी ठणठणीत होती आणि कॉटवर दोन सासूबाई होत्या. तीच नऊवारी, तीच घातलेली मांडी, तेच मसूर.

"चिंच आणलीस का?" एकीने विचारलं.

"नसेल आणली," दुसरी म्हणाली.

संध्याकाळी शैलजाचा नवरा जयसिंग घरी आला. त्याने दोघींकडे पाहिलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि फोटो तू नेला होतास, एवढंच बोलून बातम्या लावल्या.

त्या दिवसापासून आमटीत मीठ कमी असल्याचं शैलजाला दोनदा ऐकावं लागू लागलं. फोडणी करपल्याचं एक सांगे आणि दुसरी तेच जरा सविस्तर सांगे. दोघींचं कशावरही दुमत नव्हतं, हा त्यातला सगळ्यात मोठा ताप होता. शेवटी ती तणतणत दुकानात गेली.

फाइल सेव्ह करून बंद केली, आता मागे नेता येत नाही, असं महामुनींनी सांगितलं. शिवाय नगरपंचायतीच्या यादीत दुसरीचं नाव आपोआप चढलं होतं: 'सिंधुताई - कॉपी'. महिना संपला की सॉफ्टवेअर दुबार नावं काढून टाकतं आणि नावाबरोबर माणूसही जातं. दोघींतलं कोणतं काढायचं, हे ते कुणाला विचारत नाही. त्यापेक्षा दोघींचा एक फोटो आणा, मूळच्या कोण ते दाखवा, दुसऱ्या मी पुसून देतो, असं ते म्हणाले.

शैलजाने घरी विचारलं. दोघीही मूळच्या निघाल्या. जयसिंगचा गोवर दोघींना आठवत होता. शैलजाची पहिली फुटलेली पुरणपोळीही आठवत होती, आणि दोघी ती गोष्ट त्याच शब्दांत सांगत होत्या. कॉपी कोण म्हटल्यावर दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. शैलजाने कपाळाला हात लावला आणि फोटो काढला.

डावीकडचीला पुसायचं, असं तिने वाटेत ठरवून टाकलं होतं. चिंचेवरून टोमणा मारणारी ती डावीच असावी, असा तिचा अंदाज होता. महामुनींनी फोटो पडद्यावर मोठा केला आणि माउस हातात घेतला. मोठा केल्यावर दिसलं, की दोघींनी पदराखाली एकमेकींचं मनगट घट्ट धरलं होतं.

"डावी की उजवी, वहिनी?"

"थांबा. हात धरलेत त्यांनी."

"हात सफाईने काढतो. काही दिसणार नाही."

"दिसण्याचा प्रश्न नाही," शैलजा म्हणाली. "दुसरा काही मार्ग सांगा."

तिचा आवाज ऐकून महामुनींनी माउस खाली ठेवला. मार्ग होता. कॉपीला वेगळं नाव दिलं तर यादीत ती दुबार ठरणार नव्हती.

कॉपीला नवीन नाव मिळणार, हे शैलजाने घरी सांगितलं तेव्हा कॉटवर मसूर निवडणारे चारही हात थांबले. मग एक जण हळूच म्हणाली, "हिरा लिही. माझं माहेरचं नाव आहे. लग्नात बदललं."

इतकी वर्षं एका घरात काढून शैलजाला हे ठाऊक नव्हतं.

"मग कॉपी मी आहे," दुसरी म्हणाली.

"तू कशी? तू तर मूळची."

सकाळपर्यंत दोघींपैकी कुणी कॉपी व्हायला तयार नव्हती, आता कुणी मूळची राहायला तयार होईना. सिंधू व्हायची दोघींचीही इच्छा नव्हती. पानं वाढली तरी भांडण चालूच. शैलजाने पळी आपटली. एक हिराताई आणि एक हिराबाई, कोण कुठली ते तुमचं तुम्ही ठरवा, असं तिने सांगून टाकलं. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्या घरात आवाज चढवून बोलली होती. दोघी गुमान जेवल्या. मिठाचं कुणी काढलं नाही.

महामुनींनी यादीत 'सिंधु' काढून 'हिरा' टाकलं, दुसऱ्या ओळीतलं 'ताई - कॉपी' खोडून 'बाई' केलं. पहिला बदल करताना त्यांनी 'सगळीकडे बदला' दाबलं होतं. सगळीकडे म्हणजे कुठे, असं शैलजाने विचारलं. तसंच दाबायचं असतं, असं ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दोघी माहेरी निघाल्या. एकटीने काय जायचं, म्हणून सिंधुताई कित्येक वर्षं तिकडे फिरकल्या नव्हत्या. शैलजा पिशव्या घेऊन त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेली. गाडी लागली, तिच्यावर 'हिरादुर्ग' अशी पाटी होती. कणकवलीवरून जाते ना, एवढं शैलजाने कंडक्टरला विचारून घेतलं. जाते, तो म्हणाला. खिडकी दोघींनाही हवी होती, त्यामुळे त्या पुढे-मागे बसल्या.

"पोचल्यावर फोन करा," शैलजा खालून म्हणाली.

"कुणी करायचा?" पुढची म्हणाली.

शैलजाने मोठा श्वास घेतला.

"दोघींनी," ती म्हणाली.